आधी चवडा, मग कार्बन

टार्निटमधल्या आपल्या लोकांच्या गराजमध्ये डोकावलं, तर हल्ली मुलांच्या स्कूटर आणि बार्बेक्यूच्या मधे भिंतीला टांगलेली एखादी रोड बाइक हमखास दिसते. लॉकडाउनच्या काळात हौसेने घेतलेल्या सायकलींपैकी बऱ्याच नंतर विकल्या गेल्या, पण काही टिकल्या. त्या टिकलेल्यांचे आता छोटे छोटे गट झाले आहेत. रविवारी उजाडता उजाडता कुणी फेडरेशन ट्रेलने शहराच्या दिशेने जातं, कुणी स्केलेटन क्रीकच्या काठाने पॉइंट कुकपर्यंत. आणि दुपारी कुणाकडे जेवायला जमलो, की गप्पांची गाडी घराच्या हप्त्यांवरून निघून सायकलच्या बुटांवर येऊन थांबते. प्रश्न ठरलेला असतो. "कार्बन सोल घ्यावा का रे?"

ऐकायला हा प्रश्न छोटा वाटतो, पण तो तीनशे-चारशे डॉलरचा आहे. नायलॉनच्या सोलचे साधे सायकलिंग शूज इथे दीडशे-दोनशे डॉलरच्या घरात मिळतात. कडक कार्बन सोलचे, वरच्या श्रेणीतले बूट पाचशेच्या पुढे जातात. एका पगारावर चालणाऱ्या घरात हा फरक म्हणजे मुलीच्या पोहण्याच्या क्लासची एका टर्मची फी. ती भरून वर थोडे पैसे उरतील.

मला या प्रश्नात रस वाटण्याचं कारण मात्र पैशांचं नव्हतं, पायाचं होतं. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून मी आठवड्यातून दोन-तीनदा सायकल चालवते, साधारण पंचवीस-तीस किलोमीटर. मैत्रिणीने तिचे जुने सायकलिंग शूज दिले होते, त्यावर सुरुवात केली. वीसेक किलोमीटर झाले की उजव्या पायाच्या करंगळीपासून मुंग्या सुरू व्हायच्या आणि घरी पोचेपर्यंत अर्धा चवडा बधिर. नवरा म्हणाला, "सोल मऊ असेल, कडक घे." दुकानातल्या मुलानेही तेच सांगितलं आणि कार्बन सोलचा डबा पुढे केला. मी शाळेत शिकवायचे तेव्हा मुलांना सारखं विचारायचे, "कशावरून?" ती सवय अजून गेलेली नाही. डबा परत ठेवला आणि घरी येऊन वाचायला बसले. जे हाती लागलं ते आपल्या गटातल्या सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे, म्हणून हा लेख.

चपलेवरची सायकल

आपल्यापैकी बहुतेक जण सायकल शिकलो ते चपला घालूनच. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून, पायात साधी वहाण घालून रोज मैलोन्‌मैल जाणारी माणसं आपण पाहिलेली आहेत. त्यांना कधी कडक सोल लागला नाही. का? कारण त्या काळ्या, जड सायकलींचं पेडल रुंद होतं, रबरी ठोकळ्यांचं. पाय कसाही ठेवला तरी सबंध चवड्याखाली आधार मिळायचा.

रोड बाइकचं पेडल त्या मानाने अगदीच आटोपशीर. शिवाय पाय त्यावर नुसता ठेवायचा नसतो. बुटाच्या तळाला तीन स्क्रूंनी एक प्लास्टिकचा तुकडा बसवलेला असतो, त्याला क्लीट म्हणतात. ती पेडलमध्ये खटकन अडकते आणि टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की सुटते. ही कल्पना आली बर्फावरच्या स्कीइंगमधून. स्कीच्या पट्ट्या बुटाला अडकवणारी यंत्रणा बनवणाऱ्या 'लुक' या फ्रेंच कंपनीने १९८४मध्ये तशी पेडल बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनोने ती वापरून टूर द फ्रान्स जिंकली. त्याआधी पाय चामड्याच्या पट्ट्यांनी पेडलला आवळून बांधत.

म्हणजे आता पायाचा सगळा जोर त्या लहानशा क्लीटमधून पेडलवर जातो. तळ लेचापेचा असेल तर तो क्लीटच्या कडांवरून वाकतो आणि दाब चवड्याच्या एकाच जागी साठतो. तळ कडक असेल तर तो दाब पसरवतो. सायकलच्या बुटाचा सोल म्हणजे पायाला कायमचं बांधलेलं रुंद पेडलच. काही प्रमाणात कडकपणा हवा, याबद्दल वादच नाही. पळायच्या बुटांचा फोम घेऊन लहान पेडलवर तासन्‌तास बसलं तर पाय दुखणारच. वाद आहे तो त्यापुढचा. नायलॉनचा सोल पुरेसा कडक असताना त्याहून कितीतरी कडक कार्बनसाठी जास्तीचे पैसे मोजून पदरात काय पडतं?

जोर वाया जातो म्हणजे किती?

कडक सोलच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं, की मऊ सोल वाकतो आणि त्या वाकण्यात आपली ताकद वाया जाते. ही ताकद किती असते, ते आधी पाहू. टार्निटसारख्या सपाट भागात, वारा पडलेला असताना ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास जाणारा हौशी सायकलस्वार साधारण १५० वॅटच्या आतबाहेर काम करत असतो. मिनिटाला ९० फेऱ्या आणि १७० मिलिमीटरचा क्रँक धरला, तर पेडल सेकंदाला सुमारे १.६ मीटर वेगाने फिरतं. १५० भागिले १.६ म्हणजे सुमारे ९४ न्यूटन. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर सरासरी साडेनऊ किलो वजनाइतका दाब. पाय खाली दाबण्याच्या क्षणी तो याच्या दुप्पट-तिप्पट होतो, पण तरीही तो जिना चढताना पायावर येणाऱ्या भारापेक्षा कमीच.

आता शर्यतीच्या शेवटच्या दोनशे मीटरमध्ये हजार वॅट काढणारा खेळाडू घ्या. मिनिटाला ११० फेऱ्या धरल्या तरी सरासरी दाब पन्नास किलोच्या वर जातो आणि क्षणिक दाब तर आणखी कितीतरी. सोल कडक हवा हा आग्रह त्या माणसांसाठी सुरू झाला. दुकानात आपल्यासमोर येतो तो त्यांचाच बूट, पण आपण आलेले असतो साडेनऊ किलोवाले.

शिवाय वाकलेला सोल सगळी ताकद गिळून टाकतो असंही नाही. पट्टी वाकवून सोडली की ती उलट उसळते, तसा सोलही पुष्कळशी ताकद परत देतो.

मोजून पाहिलं तेव्हा

गणित झालं, पण प्रयोग काय सांगतात? अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात रॉजर क्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर एकामागून एक अभ्यास केले. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एशर स्ट्रॉ आणि क्रॅम यांनी हौशी सायकलस्वारांना एका संथ, ठरलेल्या जोराने सायकल चालवायला लावली. एकदा पळायचे बूट आणि साधं पेडल, एकदा पळायचे बूट आणि पट्ट्यांचं पेडल, एकदा सायकलिंग शूज आणि क्लीट. ५० ते १५० वॅट, म्हणजे आपल्याच पट्ट्यातला जोर. शरीराने खर्च केलेली ऊर्जा मोजली, तर तिन्हींमध्ये दखल घेण्याजोगा फरक नव्हता. सायकलिंग शूज घातले म्हणून कुणाचा दम कमी गेला नाही.

पूर्ण जोर लावल्यावर मात्र चित्र पालटतं. २०२०च्या अभ्यासात स्प्रिंट मोजल्या, तेव्हा साध्या पेडलवरच्या पळायच्या बुटांच्या तुलनेत पट्ट्यांनी जास्तीत जास्त ताकद सुमारे ९.७ टक्क्यांनी वाढली आणि सायकलिंग शूज व क्लीटने १६.६ टक्क्यांनी. यातला मोठा वाटा पाय पेडलला बांधलेला असण्याचा आहे, हे आकड्यांवरूनच दिसतं. उरलेल्यात कडक सोलचा हात असणार. पण तुलना पळायच्या मऊ बुटाशी होती, नायलॉनच्या सायकलिंग बुटाशी नव्हे.

नेमकी तीच तुलना याच गटाने वेगळी करून पाहिली. एकाच जातीचे बूट, फक्त सोल तीन प्रकारचे: नायलॉन, फायबरग्लास मिसळलेला कार्बन आणि पूर्ण कार्बन. १९ जणांनी चढावर ५० मीटरच्या स्प्रिंट मारल्या. ताकद, वेग, कशातच सोलमुळे म्हणावा असा फरक सापडला नाही. पूर्ण जोर लावून, चढावर, आणि तरीही. म्हणजे सायकलिंग शूज आणि पळायचे बूट यांत फरक आहे, तोही फक्त पूर्ण जोर लावताना. एका सायकलिंग शूजच्या सोलमध्ये आणि दुसऱ्याच्या सोलमध्ये तो सापडत नाही.

मी हे सगळं जेवणाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा नवऱ्याने पोळीचा घास तसाच हातात ठेवून विचारलं, "मग प्रो लोक का वापरतात?" प्रश्न रास्त आहे. त्यांच्याकडे हलके आणि उत्तम बूट येतात, ते कार्बनचेच असतात. शर्यत सेकंदाच्या अंशाने हरता-जिंकता येते, तेव्हा प्रयोगात न सापडणारा फायदासुद्धा कुणी सोडत नाही. आणि बुटांचे पैसे त्यांच्या खिशातून जात नाहीत.

कडक तळाची दुसरी बाजू

२००३मध्ये जार्बो आणि केसाडा या संशोधकांनी सायकलच्या बुटात चवड्याखाली किती दाब येतो, ते मोजलं. कार्बन सोलच्या बुटात सर्वांत जास्त दाब प्लास्टिकच्या बुटापेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाला. कडकपणा दाब पसरवतो असं मीच वर लिहिलं आहे, मग इथे उलटं कसं? कडक पाट आणि त्यावर आपला उंचसखल पाय, अशी कल्पना करा. थोडासा लवचिक तळ पायाच्या आकाराशी तडजोड करतो. फार कडक तळ तडजोड करत नाही. पायाचा जो भाग उंचवट्याचा, त्यालाच सगळं सोसावं लागतं. आत चांगला इनसोल असेल आणि बूट मापाचा असेल, तर हे निभतं. तसं नसेल तर कडक सोलमुळे मुंग्या कमी होण्याऐवजी वाढू शकतात.

आपली कोल्हापुरी आठवा. नवी कोरी घातली की चावते. मग आई तेल लावून ठेवायची, चार दिवस घरात वापरायला लावायची आणि महिन्याभरात ती अशी काही पायात बसायची, की दुसऱ्याने घातली तर त्याला चावेल. चामडं पायाचं ऐकतं. कार्बन ऐकत नाही. 'वापरून वापरून सैल होईल' हा आपल्याकडचा पिढीजात दिलासा इथे चालत नाही. दुकानात चावणारा सायकलिंग शू घरी आल्यावरही चावतो. याला अपवाद थोडे. 'बाँट' ही आपल्या ऑस्ट्रेलियातलीच कंपनी. बर्फावरच्या स्केटिंगचे बूट बनवता बनवता ती सायकलकडे वळली. तिचे कार्बनचे बूट ओव्हनमध्ये सांगितलेल्या तापमानाला गरम करून पायावर घडवता येतात. पण म्हणून प्रत्येक बूट ओव्हनमध्ये ठेवायचा नाही, हे सांगायला नकोच.

आपला पाय आणि त्यांचा साचा

माझ्या मुंग्यांचं उत्तर मला मिळालं ते सोलमध्ये नाही, रुंदीमध्ये. आपण लहानपणी घरात अनवाणी, अंगणात अनवाणी आणि बाहेर उघड्या चपलांमध्ये वाढलो. बोटांना पसरायला मोकळी जागा होती. २००९मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी दक्षिण भारतात आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्या माणसांचे पाय, बूट-चपला घालणाऱ्या भारतीयांचे पाय आणि पाश्चात्त्य पाय यांची तुलना केली. अनवाणी चालणाऱ्यांचा पाय रुंद होता आणि चालताना दाब तळव्यावर जास्त सारखा पसरत होता. आपण आयुष्यभर अनवाणी चाललो नाही, हे खरं. पण आपल्यापैकी कितीतरी जणांचे चवडे टाचेच्या मानाने चांगलेच ऐसपैस आहेत. आणि रोडचे पुष्कळसे बूट अरुंद, टोकाकडे निमुळते, शर्यतीच्या साच्यावर बेतलेले असतात.

बूट चवड्यात आवळला, की पायाच्या बोटांकडे जाणाऱ्या नसा हाडांमध्ये दाबल्या जातात. त्यात वीस-तीस किलोमीटर एकाच जागी दाब आणि उन्हाळ्यात पाय थोडे सुजतात ते वेगळंच. मुंग्या येतात त्या यामुळे. सोल कडक केल्याने त्या नसांना जागा मिळत नाही. जागा मिळते ती रुंद बुटाने.

घरी माप कसं घ्यायचं

याला पाच मिनिटं लागतात. माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभराने पाय थोडा फुललेला असतो. भिंतीला टाच टेकवून कोऱ्या कागदावर उभं राहायचं. बसून नाही, पूर्ण भार त्या पायावर हवा. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून बाहेरून रेघ काढायला सांगायचं. मग दोन मापं घ्यायची: टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत लांबी, आणि अंगठ्यामागच्या उंचवट्यापासून करंगळीमागच्या उंचवट्यापर्यंत रुंदी. दोन्ही पायांची घ्यायची. एक पाय मोठा निघाला तर त्याच्या मापाने बूट घ्यायचा.

दुकानात गेल्यावर आणखी एक सोपी परीक्षा आहे. बुटातला इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर उभं राहायचं. चवडा इनसोलच्या बाहेर सांडत असेल, तर तो बूट तुमचा नाही, मग सोल कितीही भारी असो. सायकल चालवताना घालता तेच मोजे घेऊन जा. मेलबर्नच्या हिवाळ्यात जाड मोजे लागतात, तेव्हा तेही सोबत ठेवा. दहा-पंधरा मिनिटं बूट घालून बसा, पायाची बोटं हलवून पाहा. बोटं हलली पाहिजेत आणि टाच मात्र वर उचलता कामा नये. लांबी पुरत नाही म्हणून एक नंबर मोठा घेतला की टाच हलते. रुंदी पुरत नसेल तर नंबर वाढवू नका, 'वाइड' मागा. शिमानोच्या अनेक मॉडेलांमध्ये वाइड मिळतो, लेकची तर ओळखच रुंदीच्या पर्यायांसाठी आहे.

बायकांसाठी एक खास सूचना. लेडीज म्हणून मिळणारे बूट बहुधा टाचेला आणि चवड्याला आणखी अरुंद असतात. ज्यांचा पाय रुंद आहे, त्यांनी बिनदिक्कत जेंट्सच्या फळीवरून घ्यावेत. रंग थोडा कमी गोड असतो, एवढंच.

आणि डब्यावरचा कडकपणाचा आकडा? शिमानोचा सर्वांत कडक बूट स्वतःच्या मोजपट्टीवर १२ आकडा मिरवतो, स्पेशलाइज्डचा १५. ही प्रत्येक कंपनीची स्वतःची मोजपट्टी आहे. एका शाळेतल्या गुणांची तुलना दुसऱ्या शाळेतल्या गुणांशी करावी, तसलाच तो प्रकार होईल. पंधरा हा बारापेक्षा मोठा आहे हे गणितात खरं असलं, तरी इथे त्यावरून काहीच ठरत नाही.

मग महाग बूट बरा का वाटतो?

आमच्या घरात कार्बनचा एक जोड आहे आणि त्याचा मालक त्यावर खूश आहे. त्याचं खुश असणं खोटं नाही. महाग बुटात नुसता सोल महाग नसतो. वरचं कापड चांगलं असतं, दोन डायल असतात, त्यामुळे चवड्याला सैल आणि घोट्याकडे घट्ट असं वेगवेगळं आवळता येतं, टाचेची पकड चांगली असते, वजनही थोडं कमी असतं. पाय बुटात घट्ट, पण न चावता बसला, की सायकल 'ऐकते' असं वाटतं. श्रेय मात्र सगळं सोलला जातं, कारण डब्यावर आकडा सोलचाच असतो.

कडक सोल खरोखर कुणाला उपयोगी पडेल, तेही सांगते. ज्यांचं वजन जास्त आहे आणि जे उभं राहून चढ चढतात, ज्यांना शर्यतीत स्प्रिंट मारायची आहे, आणि ज्यांना मऊ तळामुळे क्लीटच्या अगदी वर चवड्यात आग होते, त्यांनी मापाला बरोबर बसणारा कडक बूट जरूर घालून पाहावा. पण आपला भाग कसा आहे? वेरिबीचं हे सबंध मैदान लाव्हाच्या जुन्या थरांचं, ताटासारखं सपाट. चढ शोधायला यू यांग्जकडे, नाही तर शहर ओलांडून पार डँडेनाँगच्या डोंगरात जावं लागतं. आपली लढाई असते समोरून येणाऱ्या वाऱ्याशी. वाऱ्यापुढे कार्बन सोल काही करत नाही. त्याच पैशात चांगले टायर येतात, नीट गादीची शॉर्ट्स येते, मागचा-पुढचा दिवा येतो. टायरचा फरक पायाला कळतो आणि दिव्याचा फरक मागच्या गाडीवाल्याला.

क्लीट, जिला कुणी विचारत नाही

बुटांवर तासभर बोलणारी माणसं क्लीट दुकानदाराने बसवली तशीच ठेवतात. ती कुठे बसवली आहे, यावर मात्र बरंच अवलंबून असतं. अंगठ्यामागचा आणि करंगळीमागचा उंचवटा बुटावरून चाचपून खुणा करा. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या दरम्यान किंवा थोडा मागे, टाचेकडे हवा. मागे घेतली की चवड्यावरचा आणि पोटरीवरचा ताण हलका होतो. माझ्या मुंग्यांपैकी निम्म्या काही मिलिमीटरच्या या सरकवण्याने गेल्या, आणि त्याला खर्च शून्य.

शिमानोच्या रोड पेडलच्या क्लीट तीन रंगांत येतात. पिवळ्या क्लीटमध्ये टाच सहा अंश हलायला मोकळीक असते, निळ्यात दोन, लाल पूर्ण जखडलेली. आपण नवशिक्यांनी पिवळीच घ्यावी, गुडघे दुवा देतील.

जे घरून स्टेशनपर्यंत सायकलने जातात आणि पुढे ट्रेन पकडतात, त्यांना तर मी तीन स्क्रूंची क्लीट घ्या असं म्हणणारच नाही. ती तळाबाहेर आलेली असते, फरशीवर सटकते आणि चालून झिजते. दोन स्क्रूंची, तळात बुडालेली एसपीडी क्लीट असलेला बूट घातला, की माणूस माणसासारखा चालतो. फेडरेशन ट्रेलवरही वाटेत रस्ते ओलांडायला थांबावं लागतं, तिथेही तो सोयीचा.

आणि पाय सोडवायची सवय आधी घरी, भिंतीला धरून करा. मग गवतावर. पेडलचा ताण अगदी कमी ठेवा. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जातो, म्हणून डावा पाय आधी सोडवायची सवय लावा, म्हणजे थांबताना पाय फूटपाथच्या बाजूला टेकतो, गाड्यांच्या बाजूला नाही.

एक गोष्ट बुटावर ढकलू नका

आपल्या घराघरांत मधुमेह आहे. सायकलवरून उतरून बूट काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मुंग्या जात असतील, तर बुटाचं आणि क्लीटचं पाहा. पण पाय एरवीही, रात्री झोपतानाही बधिर वाटत असतील, जळजळत असतील, किंवा बूट चावून जखम झाली तरी कळत नसेल, तर बुटांचं दुकान नको, जीपी गाठा. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात आणि अशा पायाला आवळणारा कडक बूट धोक्याचा असतो. इथे आलेल्या आपल्या आईवडिलांना हौसेने सायकलवर बसवताना हे आवर्जून लक्षात ठेवा. त्यांच्यासाठी रुंद, साधं पेडल आणि चांगले चालायचे बूट पुरेसे आहेत. वर सांगितलेल्या पहिल्या प्रयोगाप्रमाणे संथ सायकलिंगमध्ये त्यांचं काहीही नुकसान होत नाही.

मी शेवटी वाइड मापाचा, नायलॉन सोलचा बूट घेतला. दोनशे डॉलरच्या आत बसला. जेंट्सच्या फळीवरचा, काळा. गेल्या महिन्यात अल्टोनापर्यंत जाऊन परत, साठ किलोमीटर झाले, दहाही बोटं जागेवर असल्याचं शेवटपर्यंत कळत होतं. वेग होता तेवढाच आहे. तो वाढावा म्हणून मी बूट घेतलेच नव्हते.

आपल्या घरांमधली एक पद्धत मात्र या निमित्ताने डोळ्यांत भरली. नवऱ्याच्या छंदाला सामान लागतं, त्यावर चर्चा होते, परीक्षणं वाचली जातात. बायकोच्या व्यायामाला "जुने शूज आहेत ना" एवढं पुरतं. माझ्या ओळखीच्या तिघी-चौघींनी पाय दुखतात म्हणून सायकल सोडली आहे, आणि त्यांच्यापैकी एकीनेही पायाचं माप घेतलेलं नव्हतं. सायकल गराजमध्ये आहे, हवा भरली की चालेल.

तेव्हा या दिवाळीत फराळाला याल तेव्हा चपला दाराबाहेर काढालच. कागद आणि पेन्सिल मी तयार ठेवते. दोन मिनिटं भिंतीला टाच टेकवून उभ्या राहा, तोवर चहा होतो.